माझ्या भावाची साक्ष

माझ्या धाकट्या भावाने दारू सोडली तेव्हा आमच्या चर्चच्या मंडळीत कुणालाच ते खरं वाटलं नाही, मला तर मुळीच नाही. आधी दर नाताळला सोडायचाच तो. त्याची बायको मुलीला घेऊन माहेरी निघून गेली होती आणि तो इंदिरानगरला माझ्याकडे मागच्या खोलीत राहत होता. रिक्षा नाशिक रोड स्टेशनवर लावायचा. या वेळी मात्र त्याने कुणाला काही सांगितलं नाही. शपथ नाही, रडारड नाही. सकाळी रिक्षा पुसता पुसता प्रार्थना करायचा आणि निघायचा.

स्टेशनवरच्या रिक्षावाल्याने दारूपासून लांब राहायचं म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं. मुंबईहून आलेली पोरं उतरल्या उतरल्या त्याला वाइन चाखायला कुठं जायचं ते विचारत. कुणी अर्धी बाटली सीटमागे विसरून जाई. संध्याकाळी जोडीदार रिक्षावाले हाका मारत, ते वेगळंच. त्याने आपल्यापुरता एक उपाय काढला होता. दारूचं दुकान दिसलं की तो मोठ्याने प्रभूची प्रार्थना म्हणायला लागायचा, मग मागे गिऱ्हाईक असो नसो. एक बाई घाबरून सिग्नललाच उतरल्या. ते सांगताना तो इतका हसला की मलाही हसू आवरेना. आम्ही भावंडं कितीतरी वर्षांनी तसं हसलो होतो. आजचा दिवस निभावला, उद्याचं उद्या, असं त्याचं चाललं होतं. ते तसंच चालू राहिलं असतं, असं मला अजूनही वाटतं.

पण आमच्यात साक्ष असते. प्रभूने आपल्या आयुष्यात काय केलं, ते मंडळीसमोर उभं राहून सांगायचं. कुणी आजारातून उठल्याचं सांगतं, कुणी मुलाला नोकरी लागल्याचं, आणि ऐकणारे आमेन म्हणतात. पाळकसाहेबांना भावाचं कुठून तरी कळलं आणि त्यांनी एका रविवारी त्याला उभं केलं. तो मोजकं बोलला आणि खाली बसला. अख्खी मंडळी रडली. मीही रडले आणि, खोटं कशाला बोलू, घरी जाताना माझी मान ताठ होती. माहेरी गेलेल्या भावजयीच्या कानावर ते गेलं. ती लेकीला घेऊन परत आली. मागच्या खोलीत पुन्हा लहान चपला दिसू लागल्या.

मग बोलावणी सुरू झाली. आज याच्या घरची प्रार्थनासभा, उद्या तरुणांचं शिबिर, एकदा तर पार विंचूरकडच्या वस्तीवर. मोजकं बोलणं कुणाला पुरेना. "बंधू, आधीचं जरा सविस्तर सांगा ना, पोरांना कळायला पाहिजे," असं म्हणायचे. मग तो सविस्तर सांगू लागला. दिवसाचा पहिला घोट घशातून कसा उतरायचा. त्यानंतर अंगातली थरथर कशी थांबायची. खारे शेंगदाणे, हिरवी मिरची, ओला ग्लास. लोक श्वास रोखून ऐकत. मी भिंतीला टेकून त्याच्याकडे बघत बसायचे आणि मला दिसायचं, की बोलताना त्याची जीभ ओठांवरून फिरते आहे. देवाची कृपा साक्षीच्या शेवटी यायची, आणि तिथवर येईतो तो थकून गेलेला असायचा.

मी पाळकसाहेबांना बोलले. म्हटलं, "साहेब, आता त्याला जरा सोडा. किती वेळा तेच उगाळायचं?"

साहेब भला माणूस. शांतपणे म्हणाले, "बाई, देवाने केलेलं झाकून ठेवायचं का? त्याचं ऐकून आपल्यातल्या दोघांनी सोडलीय."

घरी आले, पण डोकं तडकलं होतं. रविवारी डोळे मिटून प्रभूच्या प्रार्थनेत परीक्षेत, म्हणजे मोहात, आणू नको म्हणून मागायचं आणि आठवडाभर आपल्याच माणसाला हाताला धरून परीक्षेत नेऊन बसवायचं, असा आमचा कारभार!

त्यानंतरची सभा माझ्याच घरी होती. त्या दुपारी कुणीतरी रिक्षात उघडी बाटली ठेवून गेलं होतं. ती गटारात ओतून तो तसाच घरी आला आणि मोरीत हात धूत बसला. "ताई, वास जात नाहीये," एवढंच म्हणाला. संध्याकाळी सतरंजीवर माणसं दाटीवाटीनं बसली, गीत झालं आणि त्याला उभं केलं.

"आज साक्ष नको," तो म्हणाला. "माझ्यासाठी प्रार्थना करा. आज मला प्यावंसं फार वाटतंय."

मग मंडळीतले एक वडीलधारे म्हणाले, "बंधू, सैतान तुमचं तोंड बंद करायला बघतोय. त्याला जिंकू देऊ नका. बोला."

"राहू द्या ना त्याला!" मी ओरडलेच. पण तोवर चहूकडून आमेन, आमेन सुरू झालं होतं, त्यात माझा आवाज कुठल्या कुठे गेला. त्याने माझ्याकडे बघितलं आणि बोलायला लागला. इतकं सुंदर तो कधीच बोलला नव्हता. बायका पदराने डोळे पुसत होत्या. सभा संपली, मी चहाचे कप भरत होते, तेवढ्यात तो खुंटीवरची रिक्षाची किल्ली घेऊन बाहेर पडला. दुसऱ्या दिवशी दुपारी जोडीदारांनी त्याला धरून आणलं.

या खेपेला भावजय भांडलीसुद्धा नाही. तिने लेकीचे कपडे भरले आणि ती गेली. मंडळीत आता त्याचं नाव मागे पडलेल्यांच्या, म्हणजे विश्वासातून घसरलेल्यांच्या, प्रार्थनेत घेतात. पिणं पुन्हा सुटलंच नाही; त्याचं लिव्हर गेलंय, पोटात पाणी होतं, ते काढलं की पुन्हा भरतं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. खाली रिक्षा उभी आहे, ती विकायचं माझ्याने होत नाही.

गेल्या रविवारी उपासनेनंतर मंडळी घरी आली. पलंगाभोवती उभं राहून त्यांनी लांबलचक प्रार्थना केली. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. चहा घेऊन मंडळी गेली, तेव्हा त्याने कूस बदलली.

"ताई, तू कर."

मी त्याच्या कपाळावर हात ठेवला. मी शाळकरी वयापासून प्रार्थना करत आलेली बाई, मुलांना प्रार्थना शिकवलेली बाई. "प्रभू," म्हटलं आणि पुढे काही सुचेना. बरं कर म्हणू? कुठल्या तोंडाने? निदान राग तरी यायला हवा होता, तोही आला नाही. भाऊ डोळे मिटून वाट बघत होता. त्याने पुष्कळ वेळ वाट बघितली. मग त्यानेच आमेन म्हटलं.