खाडीराक्षसाला कादंबरीतून काढल्याचा निषेध

माझ्या कादंबरीतला खाडीराक्षस आमच्या ओटीवर उपोषणाला बसायला आला, तेव्हा आईने त्याला आधी पाय पुसून वर यायला सांगितलं.

राक्षस म्हणजे आमचे बाळूकाका, अण्णांचे धाकटे भाऊ. राहतात रोह्याला, कामाला धाटावच्या एका केमिकल कंपनीत, आणि स्वभावाने इतके गरीब की डास मारण्याआधी त्याला उडायची संधी देतात. असा माणूस राक्षस कसा झाला आणि उपोषणाला का बसला, हे सांगायचं तर आमच्या घराण्यापासून सुरुवात करावी लागेल.

अण्णा, म्हणजे माझे वडील, पेणमध्ये छोटं छपाईचं दुकान चालवतात. लग्नपत्रिका छापून पोट भरतात आणि पत्रकं छापून ते रिकामं करतात! खाडीचं पाणी शेतात शिरलं, पत्रक. रस्त्याला खड्डा पडला, पत्रक. खड्डा बुजवला पण वाईट बुजवला, पुन्हा पत्रक, या वेळी गुलाबी कागदावर. इतर मुलांना झोपताना राजाराणीची गोष्ट मिळायची, मला 'बंधूंनो आणि भगिनींनो, जागे व्हा!' मिळायचं. (तरी मी झोपायचे. अण्णा ते अजूनही मनाला लावून घेतात.) माझं नावही त्यांनी जागृती ठेवलं.

शिवाय आमच्या घरात कुठलीही गोष्ट सभा घेतल्याशिवाय ठरत नाही. सूचक पाहिजे, अनुमोदक पाहिजे, चर्चा पाहिजे, मतदान पाहिजे. फ्रिज कुठल्या कोपऱ्यात ठेवायचा यावर आमच्याकडे दोन सभा झाल्या आणि तोवर फ्रिज अंगणात होता. सभेची अध्यक्ष कायम आई, कारण "जेवायला वाढलंय" एवढं म्हणून सभा संपवण्याचा अधिकार तिच्याकडेच आहे.

अशा घरात वाढून मी कादंबरी लिहिली ती अद्भुतरम्य! समुद्राखालचं मिठाचं राज्य, जादूने भरती-ओहोटी करणारा जादूगार, गर्विष्ठ राणी, खाडीत राहणारा राक्षस आणि या सगळ्या व्यवस्थेविरुद्ध उभी राहणारी एक बंडखोर मुलगी. (मुलीचे केस माझ्यासारखे कुरळे होते. योगायोग.) चौघंही आळीपाळीने आपापली बाजू सांगतात. एकाच नायकाने सगळी कथा बळकावणं मला तत्त्वतः मान्य नाही.

मुंबईच्या एका संपादकबाईंनी पहिला खर्डा वाचला आणि फोन केला.

"जागृती, कल्पना झकास आहे. पण तुमची चारही माणसं एकाच आवाजात बोलतात हो! राणी भाषण करते, जादूगार भाषण करतो. राक्षस तर माणूस गिळायच्या आधी त्याला मागण्या वाचून दाखवतो."

"ते... वातावरणनिर्मितीसाठी आहे," मी म्हटलं.

"पुन्हा लिहायला घ्या. पण त्याआधी नीट आराखडा करा. निवेदक चाराचे तीन करा, आणि ज्याचा त्याचा आवाज वेगळा काढा. रविवारी मी पेणला गणपती ठरवायला येतेय, तेव्हा तुमच्याकडे डोकावते. आराखडा पटला तर पुस्तक यंदाच करू. नाहीतर मग राहू दे."

'राहू दे' या शब्दांनी माझ्या पोटात खड्डाच पडला. (यावर पत्रक निघालं नाही.)

मी कामाला लागले. पावसाळ्यात आई ओटीवर कपडे वाळत घालायला दोरी बांधते. त्या दोरीवर मी एकेका प्रकरणाचा कागद लटकवला. राणीच्या प्रकरणांना हिरवे चिमटे, जादूगाराच्या निळे, राक्षसाच्या लाल, बंडखोर मुलीच्या पिवळे. काय सुंदर दिसत होतं! पूर्ण राज्य एका दोरीवर! तासाभराने बघते तर राज्याभिषेक आणि वादळ यांच्यामध्ये अण्णांचा बनियन.

"आई! इथे कथेचा कळसबिंदू आहे!"

"असू दे की. बनियन ओला हाय, त्याला कळस काय नि पाया काय."

आता निवेदक कोण गाळायचा आणि आवाज वेगळे कसे काढायचे? इथे मी ती चूक केली, जी आमच्याच घरात जन्मलेला माणूस करू शकतो. मी विषय सभेपुढे ठेवला.

शनिवारी सभा भरली. बाळूकाका आणि आत्या रोह्याहून मुद्दाम आले. मी एकेकाला एकेक पात्र दिलं आणि सांगितलं, "तुम्ही ते आहात असं समजून बोला. मी फक्त ऐकणार." आत्याला राणी, अण्णांना जादूगार, काकांना राक्षस. बंडखोर मुलगी मी स्वतःकडे ठेवली.

"राणी आहे ना मी?" आत्या सरसावून बसली. "मग पहिली गोष्ट, मी सतराव्या प्रकरणात मरणार नाय."

"आत्या, तिथे क्रांती होते!"

"होऊ दे की. क्रांती झाली म्हणून काय लगेच मरायचं? मी माहेरी जाईन."

जादूगार अण्णा उभे राहिले, त्यांनी घसा साफ केला. "बंधूंनो आणि भगिनींनो! जादू ही जनतेची शुद्ध फसवणूक आहे!"

"अण्णा, तुम्ही जादूगार आहात."

"म्हणूनच मला आतली माहिती आहे."

बाळूकाकांनी मात्र हात वर केला, शाळेत करतात तसा. "जागू, राक्षसाची ड्युटी किती वाजता असते गो?"

"ड्युटी नाही काका. भरती आली की तो वर येतो."

"म्हणजे रोज टाइम बदलला. रोटेशन शिफ्टच की ही! मग तो झोपतो कवा? जेवणाचं काय? बदलीला रिलीव्हर हाय का त्याला?"

हे मी कधी ठरवलंच नव्हतं. मी घाईने म्हटलं, "काका, त्याची गरज नाही. माझी सूचना आहे की निवेदक म्हणून राक्षसालाच गाळावं. राक्षसाच्या मनात काय चाललंय हे वाचकाला कळायची आवश्यकता नाही."

अण्णांनी चष्मा काढला.

"पुन्हा बोल."

"म्हणजे... तो माणसं खातो, अण्णा!"

"का खातो, हे त्याला विचारलंस? ज्याला सगळं जग राक्षस म्हणतं, त्याला बोलू द्यायचं नाही असं माझी मुलगी म्हणते? याचसाठी मी तुला पत्रकं वाचून झोपवलं?"

"भूक लागते म्हणून खातो," काका हळूच म्हणाले.

मतदान झालं. काकांच्या बाजूने काका आणि अण्णा. विरोधात मी आणि आत्या. (आत्याच्या सोलकढीला काका एकदा 'गुलाबी पाणी' म्हणाले होते. ती अशा गोष्टी विसरत नाही.) मतं समसमान! निर्णय अध्यक्षांकडे गेला. आईने दोरीकडे पाहिलं.

"राक्षस काढा. लाल चिमटे तरी मोकळे होतील. चादरी तशाच पडल्यात."

बाळूकाका मुकाट्याने जेवले, झोपले आणि रविवारी सकाळी सतरंजी घेऊन ओटीवर आले. बाकीचं तुम्हाला माहीत आहे. आईने पाय पुसायला लावले, मग बशीभर साबुदाण्याची खिचडी आणून दिली.

"वहिनी, उपोषण हाय माझं."

"मग खिचडी उपासाचीच हाय."

काका विचारात पडले आणि खाऊ लागले.

इतक्यात अण्णा गुलाबी कागदांचा गठ्ठा घेऊन दुकानातून आले. मी एक कागद ओढला. 'जाहीर निषेध! खाडीराक्षसाचा आवाज दाबणाऱ्या लेखिकेचा धिक्कार असो! मोठ्या संख्येने उपस्थित राहा!' खाली आमच्याच घराचा पत्ता.

"अण्णा! संपादकबाई येतायत आज! माझ्या पुस्तकाचा प्रश्न आहे!"

"मुली, माझं तुझ्यावर प्रेम आहे," अण्णा म्हणाले, "आणि हे मी बाजारात वाटून आलोय."

आमच्या गावात पत्रक वाया जात नाही. आधी शेजारी आले. मग फोनवर अर्धीमुर्धी बातमी ऐकून रेनकोट घातलेले काकांचे कंपनीतले मित्र तीन मोटरसायकलींवरून रोह्याहून आले. त्यांच्यातला एक आडदांड गृहस्थ हेल्मेटसकट ओटीवर चढला.

"बाळूशेठ, काय ऐकतो हे? काढला तुला? कंपनीने?"

"नाय रे. कादंबरीतून."

गृहस्थांनी हेल्मेट काढलं. "नोटीस दिली होती काय?"

"कुठली नोटीस! डायरेक काढला."

"बघा! कंपनी तरी चार्जशीट देते!"

"परमनंट होता की कंत्राटी?" मागून कोणीतरी विचारलं.

"पहिल्या प्रकरणापासून हाय मी!" काका सतरंजीवरून अर्धे उठले.

मी पुढे होऊन समजावू लागले. निवेदक म्हणजे काय, दृष्टिकोन म्हणजे काय, कथेचा तोल कसा सांभाळावा लागतो. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग हेल्मेटवाल्यांनी इतरांना सांगितलं, "ही मॅनेजमेंटची बाजू झाली." आणि घोषणा सुरू झाल्या! "राक्षसाला परत घ्या! परत घ्या!" जन्मभर जिने मॅनेजमेंटच्या नावाने घोषणा दिल्या, ती मी स्वतःच्याच ओटीवर मॅनेजमेंट झाले होते.

शेवटचा आधार आत्या. मी तिला बाजूला घेतलं. "आत्या, तू तरी माझ्या बाजूने बोल. राक्षस गेला तर राणीला तीन प्रकरणं जास्त मिळतील."

"तीन? जास्त?" आत्या दचकली. "अगो, मला गुडघेदुखी हाय! एवढं राज्य कोण सांभाळेल?" आणि ती पदर खोचून सरळ काकांच्या शेजारी सतरंजीवर जाऊन बसली. सोलकढीचा विषय त्या क्षणी मिटला. भावाबहिणीने एकाच बशीत खिचडी खाल्ली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नेमकी तेव्हाच फाटकात गाडी थांबली.

मी धावले, पण अण्णा माझ्या आधी पोहोचले होते. छत्री सावरत उतरणाऱ्या बाईंच्या हातात त्यांनी गुलाबी पत्रक दिलं. "ताई, वाचा. पटलं तर सही करा."

बाईंनी उभ्याउभ्या वाचलं. मग ओटीवरच्या गर्दीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"जागृती, आराखडा कुठाय?"

"हा... हा बघा ना!" मी दोरीकडे हात केला. दोरीवर दोन चादरी, उशांचे अभ्रे आणि अण्णांचा लेंगा लाल, हिरव्या, निळ्या, पिवळ्या चिमट्यांनी झोकात लटकत होते. माझं समुद्राखालचं राज्य घडी करून शिलाई मशीनवर ठेवलेलं होतं, वर दगड.

संपलं, मी मनात म्हटलं. राहू दे झालं.

पण बाई ओटीवर चढल्या (पाय पुसून) आणि सतरंजीपाशी टेकल्या. "राक्षस कोण तुमच्यात?"

काकांनी बशी खाली ठेवली. "मी मॅडम."

"काय म्हणणं आहे तुमचं?"

काका जरा लाजले. मग बोलू लागले. "म्हणणं असं काय नाय, मॅडम. भरती आली की उठायचं. झोप पुरी झालेली नसते, पण उठायचं. वर यावं तर काठावर पोरं उभी. 'राक्षस, राक्षस' म्हणून हाका मारतात. मला वाटतं, बोलावतायत. मी जातो जवळ, तर पळून जातात. आता पळायचं होतं, तर हाक मारली कशाला? मग मी परत खाली. खाली चिखल. बोलायला कोण नाय. पुढच्या भरतीला परत हाक ऐकू येते... आणि मी परत जातो, मॅडम. दर वेळी जातो."

घोषणा थांबल्या होत्या. हेल्मेटवाले गृहस्थ हेल्मेटात तोंड घालून नाक पुसत होते.

"हे खर्ड्यात आहे?" बाईंनी मला विचारलं.

"नाही," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"मग हे लिहा. राक्षस राहिलाच पाहिजे. राणी राहू दे, ती माहेरी जाणार असेल तर मला बघायचंय. जादूवर विश्वास नसलेला जादूगार तर मी सोडणारच नाही." बाई उठल्या. "तीन निवेदक झाले. यंदा करू आपण पुस्तक!"

मी आनंदाने उडीच मारली! मग हवेतच मी मोजलं.

"पण बाई... बंडखोर मुलगी?"

"हां, ती. तिला काढा. ती फार भाषण करते."

अण्णांनी तिथल्या तिथे सभा बोलावली. सूचक संपादकबाई, अनुमोदक राक्षस. बाजूने सगळी ओटी, कंपनीतले मित्र आणि वाटेने चाललेला एक पोहेवाला. विरोधात एक मत पडलं. अध्यक्षांनी ते बाद केलं, उमेदवाराला स्वतःसाठी मत देता येत नाही म्हणून. (असा नियम आमच्याकडे नव्हता. तेव्हाच झाला.)

पुनर्लेखन सध्या जोरात चालू आहे. बाळूकाकांना माझी दया आली, म्हणून त्यांनी आपल्या एका प्रकरणात माझ्या नायिकेला थोडी जागा दिली. ती खाडीकाठी येते, दगडावर चढते, मूठ आवळते आणि म्हणते, "बंधूंनो..." एवढ्यात राक्षस तिला गिळतो. परवा हे प्रकरण मी सभेत वाचून दाखवलं, तर टाळ्या थांबेनात. आजवर एवढी भाषणं केली मी, पण टाळ्या मिळाल्या त्या मधेच गिळली गेले तेव्हा.