सीताफळाचं फूल आणि नासकी केळी

सोलापूर स्टँडवर कंडक्टरनं मला एसटीतून उतरवायचा घाट घातला. माझ्या पायाशी नासक्या केळ्यांची पिशवी होती आणि तिचा वास शेवटच्या सीटपर्यंत पोचला होता. मंडईतल्या फळवाल्यानं ती फुकट दिली होती, वर माझ्याकडे दयेनं पाहिलंही होतं. तिकीट काढलंय, पिशवी गळत नाही, मी उतरणार नाही, असं मी कंडक्टरला स्पष्ट सांगितलं. चिंचोळी एमआयडीसीला पाळी सुटलेले कामगार चढले आणि नाकाला रुमाल लावून उभे राहिले. जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या बाईला वासाची कसली लाज? मी खिडकीबाहेर बघत बसले.

मोहोळजवळ माझी धाकटी बहीण सुमन राहते. तिची सीताफळाची बाग काढून टाकायला तिचे यजमान दत्तात्रयराव निघाले होते. झाडं फुलानं लगडायची, फळ मात्र धरायचं नाही. मधमाश्यांच्या पेट्या आणून ठेवल्या, तरी तीच गत. सोमवारी जेसीबी येणार होता. हंड्यानं पाणी घालून जगवलेली ती झाडं. फोनवर सांगताना सुमन रडली होती आणि ऐकतानाच मला एक शंका आली होती, म्हणून ती केळी.

बाग पाहिली आणि मी कपाळावर हात मारला. झाडाखाली पान नव्हतं, काडी नव्हती. सुमन रोज सकाळी खराट्यानं सगळी बाग झाडते आणि पाला, एखादं गळलेलं फळ गोळा करून जाळते. पाहुण्याला चहाच्या आधी बाग दाखवायची, ही त्या घराची रीत. बाग न्हाय, अंगण हाय, असं गाव म्हणतं.

दुपारी गरम माडगं (हुलग्याच्या पिठाचं कढण), भाकरी आणि शेंगाचटणी झाली. मग मी बांधावरचं भोपळ्याचं फूल आणि बागेतलं सीताफळाचं फूल एका ताटात ठेवलं. भोपळ्याचं फूल म्हणजे दार सताड उघडं टाकलेलं घर. मधमाशी खुशाल आत जाते. सीताफळाचं फूल खाली तोंड करून लोंबतं. तीन जाड पाकळ्या, त्याही जेमतेम किलकिल्या. वास पिकल्या फळासारखा.

दत्तात्रयरावांनी फूल उलटसुलट करून पाहिलं. "अक्का, ह्यात माशी शिरंल कुटनं?"

"नाहीच शिरत. शिरतो तिळाएवढा भुंगेरा. तोच पराग नेतो. आणि तो वाढतो सडक्या फळात."

सुमन चुलीपाशी बसली होती. "म्हंजे मीच जाळले की त्यानला," ती म्हणाली.

मला तिचा नाही, साऱ्या गावाचा राग आला. झाडतेस छान, म्हणून सगळ्यांनी तिला डोक्यावर घेतलं. झाडू नकोस असं एकानंही सांगितलं नाही. आणि मीही मेली इतक्या वर्षांत दिवाळीला येऊन, झाडलेली बाग बघूनही फक्त फराळ खाऊन गेले.

संध्याकाळी आम्ही दोघींनी झाडांखाली केळी पसरली. बांधापलीकडून तिची जाऊ ओरडली, की सुमन आळसावली, बागेचा उकिरडा केला.

"व्हय, केला," सुमन म्हणाली. "आता हितं उकिरडाच ऱ्हाणार."

जेसीबीवाल्याला काय सांगू, असं दत्तात्रयरावांनी विचारलं. नवऱ्यापुढे ती सहसा आवाज चढवत नाही. त्या दिवशीही चढवला नाही.

"सांगा, बाग बायकोची हाय. ह्या हंगामात हात लावू देत न्हाय."

जेसीबी आला नाही. आठवडाभर मी तिथं राहिले. बागेत उभं राहवत नव्हतं इतका वास. मग एका सकाळी सुमननं फूल उकललं, तर आत भुंगेरे, पाठीवर पराग घेतलेले. दत्तात्रयरावांनी चष्मा लावून पाहिलं आणि मोटारसायकल काढली. मोहोळच्या रसवाल्याकडून आंब्याच्या सालींचं पोतं त्यांनीच आणलं.

निघताना सुमननं खराटा माझ्या हातात दिला. "हा तू ने, अक्का. हितं ऱ्हायला तर हात शिवशिवत्याल."

फळ किती धरेल, हे मी छातीठोक सांगत नाही. पण सगळ्या पंचक्रोशीनं नाक मुरडलं तरी माझी बहीण झाडणार नाही, हे सांगते.

परतीच्या एसटीत नेमका तोच कंडक्टर. खराट्याकडे बघून त्यानं विचारलं, "मावशी, नवा घेतला काय?"

"नाही," मी म्हटलं, "कामावरून काढलाय."