शेंदराखालचं तोंड

गोंदियाच्या बाजारातून रेल्वेच्या रुळांकडे जाणाऱ्या वाटेवर हातात बादली घेतलेला एक दगडी माणूस उभा आहे. लोक त्याला देव समजतात. तो माझा नवरा आहे.

आमचे हे नगरपालिकेच्या बंबावर होते. बंब म्हणजे काय, बैलगाडीवर बसवलेला हातपंप. चौघांनी दांडा मारला की पाणी उडायचं. एका उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या गोदामाला भरदुपारी आग लागली. आत हमाल अडकलेत असं कोणीतरी ओरडलं, म्हणून हे आणि यांचा जोडीदार बादल्या घेऊन आत शिरले. हमाल मागच्या दारानं केव्हाच बाहेर पडले होते. छप्पर खाली आलं. घरी जे आणलं, त्याला तोंड म्हणावं असं काही राहिलं नव्हतं.

व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून दोघांसाठी मिळून एक पुतळा करायचं ठरवलं. पाथरवट घरी आला आणि हे कसे दिसायचे, विचारू लागला. आमच्या घरी फोटो कुठला असणार! चार वर्षं संसार केला, पण सासूसासऱ्यांसमोर मान वर करून नवऱ्याकडे पाहायची सोय नव्हती. डाव्या भुवईवर जुनी खोक आणि नाक जरा बसकं, एवढंच मला धड सांगता आलं. त्या भल्या माणसानं तेवढं नेमकं कोरलं. मिशा मात्र त्यानं आपल्या मनानं लावल्या. त्या जोडीदाराच्या असतील असं मी धरून चालले.

रोज सकाळी पाण्याला जाताना मी वाट वाकडी करायची आणि त्या भुवईवरून बोट फिरवायची. हे जिवंत असताना मी इतकी धीट कधी नव्हते.

पण आमच्याकडे कोरलेला दगड मोकळा राहत नाही. धान कापून शेतात पेंढ्यांचे ढीग, म्हणजे पुंजणे, रचले की शेतकऱ्याच्या पोटात आगीची भीती बसते. एक ठिणगी पडली तर वर्षाचं खाणं जळून जातं. कामठ्याकडच्या कोण्या गाडीवाल्यानं गिरणीवर धान आणताना या बादलीवाल्या बाबाला शेंदूर लावला, नारळ फोडला. त्या साली त्याचे पुंजणे वाचले. मग काय, गाड्यांची रांगच लागली. तेलात कालवलेल्या शेंदराचे थरावर थर चढले. आधी खोक बुजली, मग नाक, मग डोळे.

मी नखांनी खरवडायला लागले. एका सकाळी सासूबाईंनी मागून येऊन माझं मनगट धरलं.

"काय करून राहिली तू?"

"शेंदूर काढून राहिली. तोंड दिसत नाही."

"रांडावलेल्या बाईनं देवाले हात लावू नाही."

"देव कायचा? माहा नवरा आहे तो."

"तुहा नवरा मेला. माहा पोरगा देव झाला. तू काऊन त्याले परत मारतेस?"

सासरे हयात होते, सासूबाईंच्या कपाळावर कुंकू होतं. त्यांनी वाटीतला शेंदूर बोटांवर घेतला आणि पोराच्या तोंडावरून सावकाश हात फिरवला. मला त्यांचा राग आला, आणि खरं सांगायचं तर रागाहून हेवा जास्त वाटला. त्यानंतर मी त्या दगडाला हात लावला नाही.

सासूबाई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. अडवणारं कोणी उरलं नाही, पण शेंदूर खरवडायची माझी हिंमत होत नाही. आत खोक नसलीच तर?

परवा दुरूनच हात जोडून उभी होते. खेड्यातली एक बाई पूजा करून निघाली आणि तिनं माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

"घे बाई. हा देव कोणाले जळू देत नाही."

मला रडू आवरेना. ती घाबरली नाही. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, नवस पुरा झाला काय तुहा?

मी हो म्हटलं.