पेठ रोडची खोली सोडताना

आधीच सांगते, मी असल्या गोष्टी मानणारी बाई नाही. आमच्या घरात बुद्धवंदना होते. नवस, अंगारे, उतारे सासऱ्यांनी कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिले नाहीत. त्यात मी शाळेत विज्ञान शिकवायचे. भानामतीमागची हातचलाखी वर्गात मीच करून दाखवायचे. तरीही १९८४ च्या मे महिन्यात, भर दुपारी, माझ्या डोळ्यांसमोर जे घडलं ते लिहावंसं वाटतं... पटलं नाही तर सोडून द्या.

तेव्हा आम्ही नाशिकला पंचवटीत, पेठ रोडला भाड्याने राहायचो. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे मोरी. माझे मिस्टर अंबडला एका कारखान्यात फिटर होते. सिडकोत आमचं स्वतःचं घर झालं म्हणून ही जागा सोडायची होती. घरमालक नाना शेजारीच एकटे राहायचे. बायको वारलेली, थोरला भाऊही आम्ही राहायला येण्याआधीच वारलेला. माणूस इतका गरीब स्वभावाचा की आमच्याशी बोलतानाही नजर खाली. इतक्या वर्षांत कधी कुरबुर म्हणून झाली नाही. आणि त्या घरात कधी काही जाणवलं, असंही नाही. साधं, उजेडाचं घर होतं.

सामान सकाळीच टेम्पोने गेलं. मुलं सिन्नरला आजीकडे होती. आम्ही दोघं मागे थांबलो ते खोल्या नीटनेटक्या करून द्यायला. नानांनी तसं काही सांगितलं नव्हतं, पण यांना अर्धवट काम खपत नसे. मी मोरी घासत होते. हे आतल्या खोलीत गुडघ्यांवर बसून भिंतीतले खिळे पकडीने उपटत होते आणि भोकं सिमेंटने बुजवत होते.

तेवढ्यात आवाज आला. जाड काठी गादीवर हाणावी तसा. मला वाटलं, हे काहीतरी झटकतायत. मग दुसरा आला, आणि त्यासोबत यांचा श्वास अडकल्याचा आवाज.

धावत गेले तर हे जमिनीवर ओणवे पडलेले. खोलीत दुसरं कुणी नाही. खिडकी उघडी, ऊन थेट फरशीवर... आणि माझ्यासमोर यांच्या पाठीवर फटका बसला. मारणारा दिसत नव्हता, काठी दिसत नव्हती. पण बनियन पाठीत रुतलं, आणि तिथून रक्ताची रेघ वर आली. यांनी डोक्यावर हात घेतला तर पुढचा घाव बोटांवर बसला. करंगळी मोडल्याचा आवाज मी ऐकलाय. तोंड फरशीवर आपटलं, पुढचा दात तुटून बाजूला पडला.

मी यांच्या अंगावर पालथी पडले. दुसरं काय सुचणार? पण फटके थांबले नाहीत. मला एकही लागला नाही — माझ्या पोटाखाली यांचं अंग प्रत्येक घावाला उसळत होतं, आवाज माझ्या छातीखालून येत होता, आणि मला साधा स्पर्शसुद्धा नाही. ते आठवलं की आजही माझ्या हातातलं काम थांबतं.

मग हे बोलायला लागले. आवाज यांचाच, पण बोली यांची नव्हती. हे जन्माने सिन्नरचे. अहिराणीचा एक शब्द यांना येत नव्हता.

"माले मारू नका," हे म्हणत होते. "बायको बाळंतीन शे. मी जास, पन माले मारू नका."

किल्ली घ्यायला आलेले नाना त्याच वेळी दारात उभे राहिले होते. मी त्यांना ओरडून सांगितलं, धरा, यांना बाहेर ओढू. ते हलले नाहीत. यांचे ते शब्द ऐकून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. आमच्याकडे नाही, आमच्या जरा वर, रिकाम्या जागेकडे बघत ते म्हणाले,

"दादा, पुरे. मरेल तो."

आणि थांबलं. एकदम थांबलं.

रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पाठ बघितली आणि मला बाजूला घेऊन विचारलं, कुणी मारलं? पोलिसांत कळवावं लागेल म्हणाले. मी काय सांगणार, कुणाविरुद्ध? हे जिन्यावरून पडले, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली नाही, पण लिहून घेतलं.

संध्याकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात नाना माझ्याशेजारी बसले आणि मी न विचारताच बोलले. आमच्या आधी तिथे दगाजी म्हणून सटाण्याकडचा एक शिंपी राहायचा. खोली रिकामी करायला सांगितली तर बायको बाळंत झालीय, थोडं थांबा म्हणाला. नानांच्या थोरल्या भावाला थांबायचं नव्हतं. त्याने दगाजीला आतल्या खोलीत काठीने झोडपलं. नाना दारात उभे होते.

"तेव्हा मी तोंड उघडलं नाही, बाई," ते म्हणाले. "भावाला भ्यायचो मी. आज पहिल्यांदा बोललो."

त्या दिवशी भाऊ थांबताच ते तिथून पळाले होते, आणि परतले तेव्हा खोली रिकामी होती; पुढे दगाजीचं काय झालं हे त्यांना माहीत नव्हतं. तो नक्की मेला असणार, याच समजुतीत ते जगत होते.

हे बरे झाले, पण ती बोली यांच्या डोक्यातून जाईना. दिवाळीच्या सुट्टीत मला घेऊन सटाण्याला निघाले. एसटी स्टँडजवळ दोन-तीन शिंप्यांकडे विचारलं... आणि दगाजी सापडले. जिवंत, धडधाकट, मशीनवर बसलेले. आम्ही त्यांच्याच खोलीत राहायचो म्हटल्यावर त्यांनी आनंदाने चहा मागवला.

यांनी घाबरतच त्या माराबद्दल विचारलं.

"मार पडना," दगाजी शांतपणे म्हणाले, "पन माले लागनंच नही."

काठी अंगावर पडताना दिसत होती, आवाज येत होता, पण दुसऱ्याच कुणाच्या अंगावर पडतेय असं वाटत होतं, असं त्यांनी सांगितलं. नंतर शर्ट काढून बघितला तर अंगावर एक ओरखडा नव्हता. बायकोला, बाळाला घेऊन ते आपल्या पायांनी चालत निघाले. आणि नानांवर त्यांचा राग मुळीच नव्हता. नानांनीच तर वाचवलं, म्हणाले. दारातून 'दादा, पुरे, मरेल तो' असं नाना बोलले आणि भावाचा हात थांबला. दगाजींनी ते स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

परत आल्यावर मी नानांना हे सांगितलं. ते छातीवर हात ठेवून सांगत राहिले, मी नव्हतो बोललो, शप्पथ घेतो, नव्हतो बोललो... आणि रडत होते.

कोण खरं, कोण चुकतंय, आणि आधीचा मार नंतरच्या माणसाला कसा लागतो — इतकी वर्षं विज्ञान शिकवूनही मी हेच घोळवत बसते. यांच्या पाठीवर वळ मात्र आहेत. मी रोज बघते.

त्या दिवशी सटाण्यात यांनी दगाजींना शर्ट वर करून पाठ दाखवली होती. दगाजी मशीनवरून उठले. मग एकेका वळावरून त्यांनी सावकाश बोट फिरवलं.

"आते दुखस का?" त्यांनी विचारलं.

"थंडीत," हे म्हणाले. "थोडंसं."