टाकीखालची वेस

वेशीच्या आतल्या जिन्यात मी टॉर्च धरून उभी होते. आदल्या दिवशी भेगेवर लावलेल्या तीन काचांपैकी दोन तुटल्या होत्या.

या काचांना आम्ही टेलटेल म्हणतो. भेगेवर आडवी काचपट्टी प्लास्टरने बसवायची. भिंत सरकली की काच तडकते. महिनाभर पाहायचं आणि मग रिपोर्ट द्यायचा, अशी पद्धत. इथे पुरता एक दिवसही झाला नव्हता.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. जुन्या इमारती तपासते. ही वेस चिखलीपासून जीपने तासाभरावरच्या एका गावाची. नाव सांगत नाही. गावावर ज्यांनी ज्यांनी राज्य केलं, त्या सगळ्यांनी वेशीला हात लावलेला. तळाला यादवांच्या वेळचे घडीव दगड. त्यावर इमादशाहीतली कमान. मोगलांनी वर पहाऱ्याची खोली चढवली, निजामाच्या अमलात तिला गिलावा झाला, इंग्रजांनी विटांचा मजला बांधून कचेरी थाटली. मग आपलं राज्य आलं आणि त्या विटांवर काँक्रीटची पाण्याची टाकी बसली. ती गळत होती. पाणी विटांत मुरत होतं.

बाहेर आठवडी बाजार भरत होता. कमानीखाली भाजीवाल्या, मधून मोटरसायकली, टेम्पो.

मी नगरपंचायतीच्या मुख्याधिकाऱ्यांना फोन लावला.

"सर, वेस आत्ता बंद करा. टाकी रिकामी करा."

"मॅडम, बाजाराचा दिवस आहे. लेखी द्या, उद्या बघू."

"उद्याची खात्री मी देऊ शकत नाही."

"अहो, इतक्या राजवटी पाहिल्यात तिने. आजच काय होणार?"

तेवढ्यात तिसरी काच तुटली. कट्. एवढाच आवाज. मी फोन बंद केला. मग भिंतीला हात न लावता, एकेक पायरी चाचपत मी उतरले.

कमानीखाली पहिलीच बसलेली भाजीवाली, कौसाबाई. समोर मेथीच्या जुड्या.

"काकू, उठा. वरचं पडू शकतं."

"काऊन उठू? माही सासूबी अठीच बसे." मग तिने जुडी उचलून दाखवली. "पन बाई, मले सांग, सकायपासून हे पिठावानी काय पडून राह्यलं? तीनदा झटकलं म्या."

मी ते बोटांवर घेतलं. विटांच्या सांध्यांतला चुना होता.

"वरची भिंत भाराने चिरडली जातेय, काकू. तिचाच भुगा आहे हा."

तिने वर पाहिलं, मग माझ्या बोटांवरच्या भुग्याकडे. पुढच्या क्षणी ती उठून ओरडत होती, "उठा वं बायाहो! भाजी राहू द्या तिथंच, पह्यले निघा!"

माझं कुणी ऐकलं नसतं. तिचं ऐकलं. दोन टेम्पो आडवे लावून आम्ही दोन्ही बाजूंनी रस्ता अडवला. मुख्याधिकारी आले, तो पांढरा भुगा त्यांनी पाहिला आणि टाकीचा खालचा व्हॉल्व्ह उघडायला लावला.

टाकी अर्धी रिकामी झाली असेल. ती हळूच एका अंगाला कलली आणि विटांच्या मजल्यासकट खाली आली. धुळीत हातभर अंतरावरचंही दिसेना. भाजीसाठी कुणी परत आत गेलं असेल तर? माझ्या मनात तेवढंच. कौसाबाई एकेकीचं नाव घेऊन हाका मारत होती. एकीचं उत्तर येईना. तिसऱ्या हाकेला पलीकडून आवाज आला, "हाव, अठीच हाओ मी!"

कुणालाही इजा झाली नाही.

संध्याकाळी मुख्याधिकारी क्लार्कला सांगत होते, "लिहा, पुरातन वेस कोसळली."

"सर, कमान जागेवर आहे," मी म्हटलं. "पडली ती आपली टाकी, आणि तिच्या भाराखालच्या विटा."

त्यांनी ओळ बदलली.

माझ्या रिपोर्टमध्ये मी लिहिलं: रस्ता आदल्या दिवशीच बंद करायला हवा होता, इंजिनिअरने काचा तडकण्याची वाट पाहिली. हे वाक्य काढा, असं ऑफिसने सुचवलं. मी ठेवलं. आता अशी भेग दिसली की आधी रस्ता बंद करते. काचा नंतर.