चाळीस-चाळीसनंतर

कोरिन टॅकेट चार वर्षं आमच्या कॉलेजच्या टेनिस संघात पहिल्या क्रमांकावर खेळली. मी तिचा प्रशिक्षक. व्यावसायिक झाल्यावर मात्र खेळलेल्या तिन्ही स्पर्धांत ती पहिल्याच फेरीत हरली. समटर गावची स्पर्धा शेवटची, तिथंही हरली तर शाळेत शिकवायचं, असं तिनं ठरवलं होतं.

तिथं पहिल्या फेरीत शेवटच्या सेटमध्ये ती ५-४ नं पुढे होती. हा गेम घेतला की सामना तिचा. चाळीस-चाळीस झालं. पुढचा गुण तिनं जिंकला आणि हात मिळवायला जाळीकडे धावली. कॉलेजात तो एकच गुण गेमचा निकाल लावतो. चार वर्षांची सवय.

"अगं, निघालीस कुठं?" पलीकडची मुलगी हसली. "इथं लागोपाठ दोन लागतात. कॉलेज सुटलं नाही वाटतं अजून!"

लाल होऊन कोरिन परतली आणि पुढचा गुण घालवून बसली. पुन्हा बरोबरी. ती कडेला बसलेल्या माझ्याकडे वळून म्हणाली, "सर, इथं चुकायलाही जागा आहे की!"

मग तिनं घाई केली नाही. आणखी तीनदा बरोबरी झाली, आणि अखेर तिनं लागोपाठ दोन गुण घेतले.

"आता ये," पलीकडचीनं हात पुढे केला.

दुसऱ्या फेरीचे कपडे कोरिननं आणलेच नव्हते. दुपारभर आम्ही गावात धुलाईचं दुकान शोधत फिरलो.