ओलाव्यात जगणारा दगड

प्रयोगशाळेत तिला सगळे खडेबाई म्हणत. तोंडावर नाही, पण पाठीमागे इतक्या मोठ्यानं, की तिला ऐकू जायचंच. तिनं कधी मनाला लावून घेतलं नाही. लग्न केलं नाही, विधवा थोरल्या बहिणीबरोबर दोन खोल्यांत राहिली, आणि रोज सकाळी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून सिमेंट कारखान्यांची चुनखडी तपासत बसली. एवढंच तिचं आयुष्य, असं कुणालाही वाटलं असतं.

एके दिवशी तांब्याच्या खाणीचा मुकादम ओल्या फडक्यात गुंडाळलेलं ढेकूळ घेऊन आला.

"मॅडम, अगदी तळाच्या बोगद्यात भिंतीला ही पिवळी लव आलीय. वर आणली की तासाभरात पांढरी पडून भुकटी होते. म्हणून ओली ठेवलीय."

तिनं भिंगाखाली पाहिलं. केसाहून बारीक, लिंबाच्या सालीच्या रंगाच्या सुया एकमेकींना टेकून उभ्या होत्या. तिला माहीत असलेल्या सगळ्या खनिजांशी तिनं त्या ताडून पाहिल्या. एकाशीही जुळेनात. त्या दिवशी ती डबा न उघडताच घरी गेली.

ताई म्हणाली, "काय गं, बरं नाही का?"

"बरं आहे. फारच बरं आहे," ती म्हणाली आणि हसतच सुटली.

पण नवं खनिज सापडलं म्हणून कुणी आपल्या मनानं नाव देऊन मोकळं होत नाही. देशोदेशीच्या जाणकारांचं एक मंडळ आहे. ते मत देतं. त्यांच्यापुढे खनिजाची रासायनिक घडण मांडावी लागते, आतले अणू कसे रचलेत ते दाखवावं लागतं, आणि अस्सल नमुना कायमचा एखाद्या संग्रहालयात ठेवावा लागतो. रचना मोजायचं चांगलं यंत्र खडेबाईकडे नव्हतं. ते होतं समुद्रापलीकडच्या एका संशोधिकेकडे. दोघींची एका परिषदेत चहाच्या रांगेत ओळख झाली होती. दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं, म्हणून गट्टी चटकन जमली. ताई तिला 'तुझी पलीकडची' म्हणायची.

नाव मात्र खडेबाईनं ठरवूनच टाकलं होतं. ज्यांनी तिला दगड वाचायला शिकवलं, त्या सरांचं आडनाव आणि पुढे खनिजांच्या नावाला लागते ती 'आइट' ही शेपटी. हयात माणसाचं नाव द्यायचं तर त्याची परवानगी लागते, म्हणून ती सरांकडे गेली. सर अंथरुणाला खिळले होते, पण जीभ शाबूत होती.

"माझ्या नावाचा दगड?" ते म्हणाले. "अगं, निम्मे विद्यार्थी मला आधीपासूनच दगड म्हणत होते. आता सगळं जग म्हणेल!"

सही मात्र त्यांनी चष्मा मागवून, कागद दोनदा वाचून केली. मान्यता मिळेपर्यंत नाव बाहेर फोडायचं नाही, असा नियम आहे. सरांनी तो पाळला. बायकोलासुद्धा सांगितलं नाही. फक्त खडेबाई भेटायला गेली की भुवया उंचावून विचारायचे, "मत पडलं का?"

तिनं दोन काचेच्या नळ्यांत ओला कापूस घातला, सुया ठेवल्या, तोंडं मेणानं बंद केली. एक पलीकडचीला पाठवली, एक फ्रिजमध्ये ठेवली. पाठवलेल्या नळीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: उघडू नका, आतलं वाळलं की संपलं. बंदरावरच्या तपासनिसानं ती उघडलीच. पिवळी पूड म्हणजे त्याला काय वाटलं असेल, देव जाणे. पलीकडचीच्या हाती पडली ती पांढरी भुकटी.

फोनवर ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "माझ्या हातात नुसती राख आलीय गं."

"रडू नकोस. मुकादमाकडून आणखी मागवते," खडेबाई म्हणाली.

ती खाणीवर गेली तेव्हा फाटकाला कुलूप होतं. तांब्याचा भाव पडल्यानं मालकांनी काम थांबवलं होतं. मुकादम बाहेरच्या कट्ट्यावर बसला होता.

"पंप बंद केले मॅडम. तळचे बोगदे बुडाले. आमच्या पोटावर पाय आला, तिथं तुमच्या पिवळ्या लवेला कोण विचारतोय?"

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच तिला ते जास्त लागलं. तिनं आणलेला रिकामा डबा तसाच पिशवीत राहू दिला आणि त्याच्याशेजारी बसली.

आता फ्रिजमधली नळी स्वतः घेऊन जायची, एवढाच मार्ग उरला. पण दोन्ही देशांच्या सरकारांचं त्याच सुमाराला बिनसलं. प्रवासाचे परवाने बंद झाले, टपालही तुटलं. पलीकडचीनं आपल्या वरिष्ठांकडे, मंडळाकडे, जिथं जिथं ओळख होती तिथं शब्द टाकला. सगळे कळवळले. कुणाच्याच हातात काही नव्हतं.

शेवटी पलीकडची फोनवर म्हणाली, "तुमच्याच शहरातल्या जुन्या यंत्रावर मोजून बघ. थंड ठेवायची सोय नाही तिथे, ठाऊक आहे. पण नळीतलंही किती दिवस टिकेल?"

खडेबाईनं मोजलं. क्ष-किरणांच्या झोतात सुई आधी फिकी झाली, मग तिला तडे गेले. दुसरी लावली, तिचंही तेच. संग्रहालयासाठी राखलेली शेवटची सुई लावताना तिचा हात अडला. ठेवली तर रचना नाही, लावली तर नमुना नाही. तिनं लावली. यंत्र चालवणारा मुलगा मान खाली घालून म्हणाला, "बाई, अर्धवटच आलंय."

अर्धवट आकडे घेऊन दोघींनी प्रस्ताव पाठवला. मंडळाचं उत्तर अतिशय सभ्य भाषेत आलं. काम चिकाटीचं आहे, खनिज बहुधा नवं आहे, पण पुरावा अपुरा आणि नमुना नाही. नवा माल मिळाल्यास पुन्हा विचार करू. तोवर अनाम खनिजांत एका क्रमांकाखाली नोंद राहील. खडेबाईला त्यांच्यावर चिडताही येईना. तिथं बसली असती, तर तिनंही हेच मत दिलं असतं.

ताईनं विचारलं, "म्हणजे झालं काय?"

"नाव नाही मिळालं. नंबर मिळाला."

"कैद्याला देतात तसा?" ताई म्हणाली, आणि बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली.

सरांना खोटं सांगावं, असं रस्ताभर तिच्या मनात होतं. आता किती दिवसांचे सोबती ते. आपल्या बाजूनं मत पडलं म्हटलं तर कुणाचं काय जाणार होतं? पण त्यांनी भुवया उंचावल्या आणि तिच्या तोंडून खरंच बाहेर पडलं.

सरांनी लगेच विचारलं,

"मोजमापात चूक?"

"नाही सर. पुरावाच उरला नाही."

"मग मंडळाचं बरोबर आहे," ते म्हणाले. "मी तुला हेच शिकवलं होतं." आणि त्यांनी भिंतीकडे कूस वळवली. ती त्यांचं पांघरूण सारखं करून निघाली. पुढच्याच महिन्यात सर गेले. त्यांच्या बायकोला अजूनही काही माहीत नाही.

पलीकडचीचा फोन हल्ली क्वचितच येतो, आणि आला तरी दोघी हवापाण्याचं बोलतात. खडेबाई चुनखडी तपासते. संध्याकाळी ताई तिच्यापुढे ताट ठेवते, आज काय पाहिलंस म्हणून विचारते, आणि ती म्हणते, "काही नाही गं. सगळं ओळखीचंच होतं."